ट्रामाडोल सोडताना पहिला आठवडा

ट्रामाडोल ही अफूच्या वर्गातली वेदनाशामक गोळी, ती एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. झटक्यात बंद केली तर क्वचित भासही होतात. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. निघणं जमत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.

साधी गोळी (हळूहळू औषध सोडणारी नव्हे) सुटल्याचा त्रास शेवटच्या डोसनंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो: जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, पायांची तगमग. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण. आठवड्याभरात अंगदुखी ओसरते. झोप मात्र काही आठवडे बिघडलेली राहते, त्याला घाबरून परत गोळीकडे वळू नका.

जुलाब-उलट्यांत पाणी जातं, आपल्या दमट हवेत घामानेही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला. ग्लासात ओतलं तर क्षार जास्त होतात. घोटघोट प्या. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड गोळी जास्त घेऊ नका, हृदयाचे ठोके बिघडतात.

उरलेल्या गोळ्या आजच घरच्यांच्या ताब्यात द्या, हे टाळू नकाच. गोळी थांबली की शरीराची सहनशक्ती लवकर उतरते आणि जुनाच डोस श्वास थांबवू शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंदावला असेल, तर लगेच १०८.