चौपाटी, पुळण की किनारा?

प्रश्न असा: मॉरिस प्रेंडरगास्ट या अमेरिकी चित्रकाराच्या ‘रिव्हीअर बीच’ या जलरंगचित्राची मराठीत ओळख लिहायची आहे. ‘समुद्रकिनारा’ फार कोरडा वाटतो, ‘चौपाटी’ चालेल का?

चालेल. माझ्या मते तर इथे तोच शब्द हवा. किनारा म्हणजे नुसता काठ. तो खडकाळ असेल, चिखलाचा असेल, नदीचाही असेल, आणि तिथे चिटपाखरू नसलं तरी तो किनाराच. प्रेंडरगास्टचं चित्र मात्र माणसांनी गजबजलेलं आहे: उन्हाच्या छत्र्या, टोप्या, झगे सावरत पाण्यात उतरलेल्या मुली. नाकडोळे रेखाटण्यात त्याला रस नाही. तो रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवतो आणि मधेमधे कागद कोरा सोडतो. त्या कोऱ्या कागदाचंच ऊन होतं!

रिव्हीअर बोस्टनच्या उत्तरेला, अगदी जवळ. तिथली वाळू १८९६ साली सर्वांसाठी खुली झाली. सार्वजनिक किनारा म्हणून अमेरिकेतला हा पहिला. शहरातले लोक आगगाडीनं तिथे जात. पॅरिसमध्ये शिकून परतलेल्या प्रेंडरगास्टनं ही गर्दी त्याच काळात रंगवली. शहराला लागून असलेली, कुणालाही मोकळी, पोराबाळांसह जाऊन बसायची वाळू म्हणजे आपली चौपाटीच. गिरगावचं हे नाव ‘चार पाट’, म्हणजे पाण्याचे चार प्रवाह, यावरून आलं असं सांगतात. पुढे जुहू, दादर करत ते सामान्यनाम झालं.

एक जपा. पुण्यात सारसबागेजवळच्या खाऊगल्लीलाही चौपाटी म्हणतात, म्हणजे शब्दातला समुद्र आटत चालला आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात लाटा येऊ द्या. चित्राच्या शीर्षकात मात्र ‘रिव्हीअर बीच’ राहू द्या, ते ठिकाणाचं नाव आहे.

‘वाळवंट’ टाळा. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात हे खरं, पण समुद्राजवळ हा शब्द आला की वाचक राजस्थानात पोचतो.

आणि ‘पुळण’ विसरू नका. संस्कृत ‘पुलिन’वरून आलेला, कोकणात रुळलेला हा शब्द मला फार प्रिय आहे. प्रेंडरगास्टनं रिव्हीअरमधल्याच बीचमाँट या भागातली ओहोटीही रंगवली आहे. पाणी मागे हटल्यावर मुलांच्या पायाखाली जी ओली, चकाकती वाळू दिसते तिला ‘पुळण’च म्हणा. वाचक कोकणातले असतील तर ओहोटीऐवजी ‘सुकती’ लिहिलंत तरी त्यांना लगेच कळेल.