व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची पलंगाशीच वारंवार इको (हृदयाची सोनोग्राफी) का करतात? हृदयाच्या उजव्या बाजूचं काय बघतात?

भातलावणीनंतर काकांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग) झाला, फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि रत्नागिरीत व्हेंटिलेटर लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर डोळा ठेवावाच लागतो. त्याची भिंत पातळ असते. फुप्फुसं आजारी, त्यात मशीनचा दाब. रक्त पुढे ढकलताना तो दमतो आणि फुगतो.

आधी आकार बघतात. एरवी तो डाव्या कप्प्याच्या साधारण दोन-तृतीयांश दिसतो. बरोबरीला आला की ताण आहे. ताण खूप वाढला तर मधला पडदा डावीकडे दबतो, आणि आडव्या छेदात गोल दिसणारा डावा कप्पा इंग्रजी 'डी'सारखा चपटा दिसतो. उजव्या झडपेची कड दर ठोक्याला किती सरकते तेही मोजतात. 17 मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे जोर कमी. पण या एका आकड्यावर मी तरी कधीच विसंबणार नाही. व्हेंटिलेटरवर छातीवरून चित्र अनेकदा धूसर येतं, मग प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागावर टेकवून बघतात.

याचा खरा उपयोग बीपी पडल्यावर. सलाईन वाढवावंसं वाटतं, पण उजवा कप्पा आधीच फुगलेला असेल तर जास्तीचं सलाईन घातक ठरू शकतं. त्यापेक्षा मशीनचा दाब जमेल तितका कमी करणं आणि बीपी वाढवणारं औषध नॉरअ‍ॅड्रेनलिन बरं.

डॉक्टरांना एवढंच विचारा: उजवी बाजू कालच्यापेक्षा कशी आहे?