वाचकांचे प्रश्न : एलीयाला देवाने आधी जेवायला दिलं

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी बुटीबोरीला कंपनीत नाइट शिफ्ट करतो, दिवसा बाबांना डायलिसिसला मेडिकल हॉस्पिटलला न्यावं लागते, संडे स्कूल माझ्याकडेच आहे अन् क्वायरमध्ये गिटार पण मीच वाजवतो. बरेच दिवस झाले प्रार्थनेला बसलो का तोंडातून काही निघतच नाही, नुसता बसून राहतो. कधी कधी वाटते झोपलो तर उठूच नये. प्रेयर ग्रुपमध्ये सांगितलं तर म्हणे भाऊ तुझा विश्वास कमी पडून राहिला, उपास धर. खरंच विश्वास कमी झाला का माझा? – जरीपटक्याहून एक वाचक

उत्तर : भावा, उपास आत्ता अजिबात धरू नकोस. रात्रभर जागलेला माणूस सकाळी वडिलांना घेऊन हॉस्पिटलच्या लाइनीत उभा राहतो आणि त्याला आपण वरून उपाशी राहा म्हणतो, हे मला बिलकुल पटत नाही.

बायबलमधल्या १ राजेचा १९ वा अध्याय काढ, एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. १८ वा आपल्या सगळ्यांना पाठ असतो, कर्मेल डोंगर, बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा एलीया, वरून पडलेला अग्नी आणि मग पाऊस, तू पण मुलांना तोच शिकवत असशील. पण त्याच्या लगेच नंतर बआलाला मानणाऱ्या ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, आणि हाच एलीया तिथून जो पळतो तो थेट बैर-शेब्याला, चाकराला तिथेच सोडतो, एकटाच रानात दिवसभर चालतो आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा आता पुरे झालं, माझा जीव घे. तू जे घाबरत घाबरत लिहिलंस ते एलीया तुझ्या आधी बोलून गेलाय, आणि ते शास्त्रातून कोणी खोडलं नाही.

आता देव काय करतो ते बघ. तुझा विश्वास कुठे गेला असं एका शब्दानेही विचारत नाही. एलीया झोपून जातो, देवदूत त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं, तो खातो-पितो आणि चक्क परत झोपतो, तरी कोणी रागावत नाही. दुसऱ्यांदा उठवून देवदूत म्हणतो ऊठ, खा, वाट तुला झेपणारी नाही. वाट जड आहे हे स्वर्गातूनच मान्य केलं जातं, आणि आपण मात्र त्याच जागी थकलेल्याला विश्वासावर लेक्चर देतो!

पुढचा भाग पण लोक नीट वाचत नाहीत. ४० दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचतो, देव विचारतो एलीया, तू इथे काय करतोस, तो आपलं दुःख सांगतो की मी एकटाच उरलोय, मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती शांत मंद वाणी, आणि परत तोच प्रश्न, तर एलीयाचं उत्तर शब्दाला शब्द तेच! म्हणजे दर्शन झालं आणि मन लगेच ठीक झालं असं त्याच्याही बाबतीत झालं नाही. मग देव त्याला पुढचं काम देतो, त्यात अलीशाला अभिषेक करायला सांगतो, आणि हेही कळवतो की इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण अजून आहेत. एकटा समजणाऱ्याला देवाने सोबती दिला, मला वाटतं त्या डोंगरावर एलीयाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

म्हणून तू या रविवारीच पास्टरांना सांग की संडे स्कूल काही महिने दुसऱ्या कोणाला द्या आणि आठवड्यातून एकदा तरी बाबांसोबत मंडळीतलं कोणी जाईल असं बघा. मंडळी कशासाठी असते मग? गिटार आवडत असेल तर राहू दे. आणि उठूच नये हा विचार साधा समजू नकोस, बाबांना नेतोस त्याच मेडिकलमध्ये मानसोपचाराची पण ओपीडी आहे, तिथे दाखव, आणि रात्री-बेरात्री फारच वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तो फ्री आहे आणि चोवीस तास चालतो. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास असं कोणी म्हटलं तर त्याला ती भाकर आणि पाणी दाखव. प्रार्थनेला शब्द नसतील तर ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाच, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या फंडाचा हिशोब मागितला तर एक वडीलधारे म्हणाले दावीद राजा पण चुकला होता तरी तो देवाच्या मनासारखा होता, अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्याला, हात लावू नका. मी गप्प बसू का? – सदरहून एक भगिनी

उत्तर : नाही ताई, गप्प बसू नका. देवाच्या मनासारखा हे वाक्य १ शमुवेल १३ मध्ये आहे, शमुवेल संदेष्टा ते शौल राजाला सांगतो तेव्हा दावीद गादीवर बसलेला पण नाही, उरीयाची बायको बथशेबा घेऊन उरीयाला मारवलं ते प्रकरण त्याच्या कितीतरी नंतरचं आहे. प्रेषित पौलाने पुढे ते परत म्हटलं हे खरं, पण ते पापाला दिलेलं सर्टिफिकेट कुठेच नाही. ते पाप झालं तेव्हा देवाने नाथान संदेष्ट्याला सरळ राजवाड्यात पाठवलं आणि त्याने तोंडावर सांगितलं तो माणूस तूच आहेस. दावीदाने नाथानाला गप्प केलं नाही, मी पाप केलं म्हणाला. क्षमा मिळाली, पण घरावर आलेले परिणाम टळले नाहीत. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत बथशेबाचा उल्लेख उरीयाची बायको असा आहे, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव देवाने पुसू दिलं नाही, यावर मी पुन्हा पुन्हा विचार करते.

अभिषिक्ताला हात लावू नका हे तर दावीदच बोलला, एन-गेदीच्या गुहेत, त्याच्या जिवावर उठलेल्या शौलाला मारायचं नाही म्हणून. पण लगेच बाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा गुहेतच कापून घेतलेला काठ हातात धरून, सगळ्यांसमोर त्याला जाब पण विचारला. मारू नका म्हणजे विचारू नका असं होत नाही.

मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने बोला, मग दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीसमोर ठेवा. मंडळीचा ट्रस्ट रजिस्टर असेल तर हिशोब ठेवणं आणि त्याचं ऑडिट हे कायद्यानेच आहे, ते दाखवा म्हणण्यात कसला अपमान? बोलताना आवाज मात्र चढवू नका.

प्रश्न : व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) मधेच सोडून गेलेला मुलगा परत टीममध्ये घ्या म्हणतो. काही जण नाही म्हणून राहिले. घ्यावं का? – मानकापूरहून एक पालक

उत्तर : घ्या. पौलासोबत सेवेला निघालेला मार्क पण पंफुल्यातून अर्ध्या प्रवासात परत गेला होता, पौलाने पुढच्या वेळी त्याला घ्यायला साफ नकार दिला आणि सोबती बर्णबासोबत पौलाचं इतकं वाजलं की दोघे वेगळे झाले, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. नंतर तोच पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला लिहितो मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. पण मधे मार्काला सांभाळायला बर्णबा होता हे विसरू नका, म्हणून त्या मुलाला सुरुवातीला एकट्याला वर्ग देऊ नका, एखाद्या जुन्या टीचरसोबत जोडून द्या, आणि मागच्या वेळचं मुलांसमोर काढू नका.