एएचआय 2, तरी सकाळी डोकं जड: आलेखात काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते असं: झोपेत श्वास अडतो म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं ऑटो सीपॅप मशीन, त्याचा दाब किमान 4 ते कमाल 20 वर, रोज 6 तास वापर, एएचआय (श्वास थांबण्याच्या किंवा बराच उथळ होण्याच्या घटना, ताशी) 2, अ‍ॅपवर भरपूर गुण, आणि तरी सकाळी डोकं जड, दुपारी डुलक्या. थकवा खरा आहे. तो त्या एका आकड्यात दिसणार नाही, एवढंच.

एएचआय ही सरासरी आहे. 6 तासांत 2 म्हणजे रात्रभरात 12 घटना. त्यातल्या 10 पहाटे साडेचार ते पाचमध्ये झाल्या असतील, तर त्या अर्ध्या तासाचा दर ताशी 20 होतो. पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू सैल पडतात, म्हणून असे पुंजके बऱ्याचदा तिथे सापडतात. शिवाय तुम्ही झोपलात की नुसते पडून आहात हे मशीनला कळत नाही. जागेपणीचे तासही भागाकारात जातात आणि आकडा कमी दिसतो.

तुमचं मशीन रेसमेड कंपनीचं एअरसेन्स असेल तर कडेच्या खाचेत एसडी कार्ड आहे ना ते आजच बघा. श्वासाचा तपशील कार्डावरच उतरतो. कार्ड संगणकात घालण्याआधी त्याची लॉकची पट्टी सरकवा, मशीनमध्ये परत टाकताना उघडा. मग ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक-एक रात्र उघडा.

सगळ्यात आधी मास्कमधून होणारी हवेची गळती. रेसमेडची मर्यादा मिनिटाला 24 लिटर. त्यावर बराच वेळ गेलेल्या रात्रीचा एएचआय धरूच नका, कारण मोठ्या गळतीत मशीनला घटना नीट ओळखता येत नाहीत. मास्क बसून नव्हे, झोपून आणि हवा चालू ठेवून बसवा. मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीला तेलकटपणा आला असेल तर ती रोज धुवा. आलेखात मध्येच कोरा तुकडा दिसला तर त्या वेळी वीज गेली होती का तेही आठवा.

आता खरा मुद्दा: श्वासाची लाट. फ्लो रेटचा, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या हवेचा आलेख 3 ते 5 मिनिटांपर्यंत मोठा करा. निरोगी श्वास आत घेताना माथा गोल असतो. माथा सपाट किंवा दोन उंचवट्यांचा दिसला, तर घसा पूर्ण बंद नाही पण अरुंद आहे. असे आठ-दहा सपाट श्वास आणि मग एक मोठा श्वास, हे पुन्हा पुन्हा येत असेल तर झोप बहुधा तिथेच मोडतेय. श्वास 10 सेकंद थांबला नाही किंवा पुरेसा उथळ झाला नाही, म्हणून एएचआयमध्ये हे सहसा धरलं जात नाही.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या 4 वर आहे. तिथून चढेपर्यंत मशीन घशाच्या मागे धावत राहतं. मधला दाब, म्हणजे मीडियन, 7.5 च्या आसपास असेल तर किमान दाब हळूहळू 7 कडे न्यावा, एका वेळी 0.5 ते 1, आणि प्रत्येक बदलावर किमान 5 रात्री थांबावं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाचा गुण आला ते कळत नाही. हे डॉक्टरांना सांगूनच करा. हृदयाचा आजार किंवा अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर नक्कीच. दाब वाढवल्यावर ‘सीए’ (घसा उघडा असूनही श्वास थांबण्याच्या घटना) वाढले तर मागे या, तिथे दाब वाढवणं हा उपाय नाही.

दाब वाढूनही पुंजके हटत नसतील तर उशी बघा. उंच उशीने हनुवटी छातीकडे वळते आणि घसा दुमडतो, तो दाबाने उघडत नाही. पातळ उशी, कुशीवर झोप.

लाट रात्रभर गोल दिसली तर मशीन सोडून शोधा: 6 तास तुम्हाला पुरतात का, रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), रात्री पायांची चुळबुळ, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. डॉक्टरांकडे जाताना सारांशाचं पान नको, सर्वांत वाईट पुंजक्याचा 5 मिनिटांचा आलेख छापून न्या. आणि डुलक्या थांबेपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या.