इंग्लंडमध्ये फिजिओच्या पगारात भागतं का?

तुमचा प्रश्न असा : बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, पुण्यात क्लिनिकमध्ये १८ हजार मिळतात, घरचे वीस लाखांचं कर्ज काढून इंग्लंडला एमएस्सीसाठी पाठवायला तयार आहेत, तिथल्या महागाईत फिजिओच्या पगारावर निभाव लागेल का?

मी सांगलीची. पाच वर्षं इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये काम करतेय. पगारावर भागतं. त्यातून वीस लाखांचा हप्ता फेडायचा म्हटलं तर ओढाताण होते, आणि ती मी शेजारच्या खोल्यांतल्या मुलामुलींची डोळ्यांनी पाहिली आहे.

नवा फिजिओ बँड ५ या एनएचएसच्या पगारश्रेणीवर लागतो. २०२५-२६ मध्ये त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून होती. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला हातात दोन हजारांच्या आसपास येतात. हे आकडे रुपयांत करून बघू नका, कारण भाडंही पौंडातच द्यायचंय. लंडनच्या आतल्या भागात पगारावर २० टक्के भत्ता आहे, बाहेरच्या भागात १५. ऐकायला बरं वाटतं. मी लंडनमध्ये ईस्ट हॅमला एका खोलीत राहायचे तेव्हा तो सगळा भाडं आणि ट्रेन खाऊन टाकायचे. लंडन सोडून लीड्सला आले, भत्ता गेला आणि शिल्लक वाढली. बँड ६ या वरच्या श्रेणीत गेलात की सुरुवातच ३८,६८२ पौंड (२०२५-२६ चा आकडा). तिथून श्वास घेता येतो.

आता एमएस्सीबद्दल, कारण इथेच पोरं फसतात. एक वर्षाची ॲडव्हान्स्ड किंवा स्पोर्ट्स फिजिओची एमएस्सी केली म्हणून इथे फिजिओ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी एचसीपीसीची, म्हणजे फिजिओंसारख्या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या इथल्या संस्थेची, नोंदणी लागते. ती तुमच्या बीपीटीएचवर आणि अनुभवावर तपासून मिळते, आणि तिचा अर्ज पुण्यात बसून करता येतो. नोंदणी देणारी प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी वेगळी, साधारण दोन वर्षांची. एजंट हा फरक सांगेलच असं नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ हवेत, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको. सगळ्यात जास्त वेळ जातो तो कोर्सच्या माहितीचा फॉर्म कॉलेजकडून भरून, सही-शिक्का मारून घेण्यात. माझ्या कॉलेजच्या ऑफिसनं तीन महिने फिरवलं. शेवटी विषयवार तासांचा तक्ता मीच करून नेला, तेव्हा सही झाली.

नोंदणी झाली म्हणजे नोकरी झाली असं मात्र नाही. सध्या बँड ५ च्या जागा कमी आणि अर्ज फार, त्यात व्हिसा स्पॉन्सर करणारं हॉस्पिटल हवं. म्हणून पुण्यातला अनुभव वाया समजू नका. जमल्यास क्लिनिक सोडून मोठ्या हॉस्पिटलात ऑर्थो, न्यूरो, आयसीयू असं फिरून काम करा.

इंटरव्ह्यूत काय बघतात ते सांगते. इथल्या माझ्या सुरुवातीच्या पेशंटांपैकी एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं. दुसऱ्याच दिवशी उभं करायचं असतं. आपल्या सवयीनं मी थेट हात लावायला गेले. सीनियरनं मला थांबवलं आणि आजींना विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय? त्या म्हणाल्या, माझा चहा मला करायचाय. पुढच्या आठवड्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबत (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) त्यांना वॉर्डजवळच्या छोट्या स्वयंपाकघरात नेलं. वॉकर धरून त्या नीट चालल्या, पाणी उकळलं, चहा झाला, आणि मग ओट्यापाशी थांबून राहिल्या. दोन्ही हात वॉकरवर, कप न्यायचा कसा? त्यांना चाकांची ट्रॉली मिळवून दिली आणि मगच घरी सोडलं. इंटरव्ह्यूत असेच प्रसंग देऊन तुम्ही काय कराल विचारतात. आयएफटी (दुखण्यावर लावायचं विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन) किती मिनिटं लावाल, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी एचसीपीसीचा अर्ज भरा, कॉलेजचा फॉर्म आधी हातात घ्या. विषयवार तासांच्या तक्त्यात अडलात तर इथेच खाली विचारा, मी केलेला तक्ता कसा मांडला होता ते सविस्तर लिहीन.