पिकअप घेताना गाडी थरथरते, आधी काय तपासावं?

पेट्रोल गाडी, ॲक्सिलरेटर दाबला की थरथरते आणि पाय काढला की शांत होते, असं तुम्ही लिहिलंय. मग चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवण्याची घाई नको. चाकाचा दोष बहुधा ८०-९० च्या वेगाला जाणवतो, पाय काढला तरी.

आधी मिसफायर बघा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. चढाला गाडी खोकल्यासारखे झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो? मग गाडी ताणू नका, न जळलेल्या पेट्रोलनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (इंजिनचा धूर शुद्ध करणारा भाग) वाट लागते, आणि तो महाग असतो. गाडीतले एरर कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे मिसफायर दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक स्पार्क प्लगला वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली. कोड हलला नाही तर प्लग काढून बघा. माझ्या गाडीत प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं होतं, कॉइलचं रबर पार फुगलेलं.

दिवा नाही, झटके नाहीत, नुसतीच थरथर? पुढच्या ॲक्सलचा (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) आतला जॉइंट बघा. त्यावरचा रबरी बूट फाटला असेल तर आसपास ग्रीस उडालेलं दिसेल. गिअर टाकताना 'धाड' वाजत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे आधार, तपासा.