वाचकांचे प्रश्न : कॅथरीन दनव, चार रविवार

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : आमच्या फिल्म क्लबला फ्रेंच अभिनेत्री कॅथरीन दनवचे सिनेमे दाखवायला चार रविवार मिळालेत. कोणते घ्यावेत?

उत्तर : सुरुवात 'द अंब्रेलाज ऑफ शेरबूर'ने (१९६४) करा. यात एकही संवाद नुसता बोललेला नाही. गॅरेजमधलं बोलणंसुद्धा गायलेलं आहे. मिशेल लग्रां यांचं संगीत आधी ध्वनिमुद्रित झालं, मग सेटवर नटांनी त्यावर ओठ हलवले. दनवसाठी गायली दानिएल लिकारी. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे चटकन रुचतं.

मात्र प्रत बघूनच घ्या. तेव्हाची ईस्टमनकलर फिल्म लवकर फिकी पडायची. दिग्दर्शक झाक दमी यांनी रंग वेगळे करून तीन कृष्णधवल प्रती जपल्या होत्या, त्यांवरून पुढे मूळ रंग परत उभे करता आले. या सिनेमात भिंतीचा कागद आणि नायिकेचा पोशाख एकमेकांशी जुळवलेले आहेत. विटकी प्रत लावलीत तर अर्धी गंमत तिथेच संपते. सबटायटल्सही आधी तपासा. ओळ सेकंदभर जरी मागे पडली, तरी गाण्याचा धागा तुटतो.

दुसऱ्या रविवारी दिग्दर्शक बुन्युएल यांचा 'बेल द जूर' (१९६७). व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार गोल्डन लायन मिळालेला हा चित्रपट फक्त प्रौढांसाठी आहे, हे सूचनाफलकावर ठळक लिहा. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच न दाखवता ती इथे केवढं सांगते! 'थंड सौंदर्य' हा शिक्का तिच्यावर बसला तो अशाच भूमिकांमुळे, आणि पुढची कारकीर्द तिने तो शिक्का मोडण्यात घालवली, असं आमचं मत आहे.

तिसरा 'द लास्ट मेट्रो' (१९८०), दिग्दर्शक त्रुफो. जर्मनांनी व्यापलेलं पॅरिस. ज्यू नवरा थिएटरच्या तळघरात लपलेला आणि वर बायको नाटक कंपनी चालवते आहे. नाट्यपंढरीत हा न दाखवणं म्हणजे अन्यायच! यासाठी दनवला सेझार हे फ्रेंच चित्रपटांचं मानाचं पारितोषिक मिळालं.

शेवटी 'इंदोशीन' (१९९२). रबराच्या मळ्याची मालकीण असलेल्या या भूमिकेने तिला दुसरं सेझार आणि ऑस्करचं नामांकन दिलं. परभाषिक चित्रपटाचं ऑस्करही याच सिनेमाला. लांबी पावणेतीन तासांच्या आसपास, तेव्हा मध्यंतर ठेवा.

प्रश्न (कराड) : दनवच्या घरातच सिनेमा होता, मग तिचं आडनाव घरच्यांपेक्षा वेगळं का?

उत्तर : वडील मोरिस दोर्लेआक नट. आई रने सिमोनो नटी, परदेशी चित्रपटांना फ्रेंच आवाज देणारी. थोरली बहीण फ्रांस्वाज वडिलांच्या नावाने आधीच पडद्यावर होती. धाकटीने आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे दनव, घेतलं. 'द यंग गर्ल्स ऑफ रॉशफोर'मध्ये (१९६७) दोघी जुळ्या बहिणी झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रांस्वाज नीसजवळ मोटार अपघातात गेली. म्हणूनच तो हसरा सिनेमा आज बघताना घशात आवंढा येतो.

त्यातल्या आईचं काम दानिएल दारिय यांनी केलं होतं. पुढे '८ फाम'मध्ये (२००२) त्या पुन्हा दनवच्या आई झाल्या. 'पर्सेपोलिस' (२००७) या ॲनिमेशनपटात आजीला त्यांचा आवाज, आईला दनवचा, आणि नायिकेला दनव व इटालियन नट मार्चेलो मास्त्रोयानी यांची मुलगी कियारा हिचा. घराण्याने दार उघडून दिलं हे खरंच. पण दमी, बुन्युएल, त्रुफो अशी निवड बापजाद्यांच्या पुण्याईवर होत नाही.

प्रश्न (मिरज) : डब केलेली प्रत चालेल का?

उत्तर : नको. दनव भराभर आणि खालच्या पट्टीत बोलते. डबिंगमध्ये नेमकं तेच हरवतं. मूळ फ्रेंच आवाज ठेवा. सभागृहात खुर्च्या एकाच पातळीवर असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घ्या, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटल्स जातात. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून दहा मिनिटं वाचून बघा.